चौसष्ट ओळींची परवानगी

वाचनालयात त्यांना सगळे कार्डकाका म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट तेच भरायचे, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाला वाचायची वेळ आली नाही. कपाटाएवढ्या लाकडी पेटीत अठ्ठेचाळीस खण, खणात पुस्तकांची कार्डं, आणि ती कार्डं काकांच्या ठसठशीत अक्षरातली. संगणक आल्यावरही त्यांनी कार्डं लिहायची सोडली नाहीत. वीज गेली की कार्ड जात नाही, असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं.

वाचनालय म्हणजे एक लांबट हॉल. सहा टेबलं, रस्त्याकडे तीन खिडक्या, कोपऱ्यात वाचकांसाठी चार संगणक. शब्दकोशांच्या कपाटावर दोन शिंगांचा तो वायफायचा डबा बसवलेला. त्याला राउटर म्हणतात हे काकांना माहीत होतं, पण ते डबाच म्हणत. डबा आला तेव्हापासून वाचक वाढले, हे त्यांना थोडं लागलं होतं. पण वाढले ते वाढले, म्हणून त्यांनी डब्यावरची धूळ रोज स्वतःच्या हाताने पुसायला सुरुवात केली.

त्या डब्यावर सगळ्यात जास्त भिस्त होती ती दाताच्या दवाखान्यातल्या मुलीची. ती दवाखान्यात झाडलोट करायची आणि दुपारच्या सुट्टीत धावतपळत येऊन चौथ्या संगणकावर बसायची. दंतसहायकाचा अभ्यासक्रम ती घरबसल्या शिकत होती. ‘घरबसल्या’ हा शब्द त्या संस्थेचा. घरी बसायलाच जागा नव्हती, वायफाय कुठून असणार? परीक्षा पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी अकराला, संगणकावरच द्यायची. सव्वाअकराच्या आत सुरू केली नाही तर दार बंद, पुढची संधी सहा महिन्यांनी. आणि डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की सहायकाची जागा त्या तेवढं थांबवून ठेवू शकणार नाहीत. ही सगळी हकिकत तिने काकांना एकदाच सांगितली होती, तीही उभ्या उभ्या. काकांना ती पाठ झाली होती.

आता झालं असं. एका दुपारी निवृत्त पोस्टमन पहिल्या संगणकावर हवामान बघत बसले होते. शेजारच्या खुर्चीत वाचनालयाच्या अध्यक्षांच्या थोरल्या बहीणबाई विणकामाचे नमुने शोधत होत्या. अचानक पोस्टमनांच्या पडद्यावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात पसरली आणि तिच्याबरोबर एक बाई, जिच्या अंगावरचं कापड एका रुमालालाही पुरलं नसतं. पोस्टमनांनी घाईघाईने ती घालवायला बोट मारलं, तर एकीच्या जागी दोन आल्या. मग त्यांनी तिसरी यायच्या आत सरळ वायर उपटली. बहीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि तक्रारवही मागितली.

आठवड्याभरात कार्यकारी समितीची सभा भरली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि त्यामुळेच समोरच्याला घाम फुटत असे. ठराव झाला की महिनाअखेरपर्यंत घाण गाळायची व्यवस्था करावी, नाहीतर डबा काढून टाकावा. तोपर्यंत आणि त्यानंतरही एक मिनिटसुद्धा हा डबा न गाळता चालू ठेवायचा नाही. जबाबदारी कुणाची, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी काकांकडे बघितलं.

महिनाअखेर आधी, शुक्रवारची परीक्षा नंतर. डबा गेला तर मुलगी गेली.

घरी काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, घरात मीठ कोणत्या बरणीत आहे ते माहीत नाही आणि निघाले जगाचा कचरा गाळायला. पण लगेच त्यांनीच सूनबाईला फोन लावून दिला. सूनबाई एका कार्यालयात संगणकांची देखभाल बघायची. रविवारी आली, जेवली, आणि जेवणाच्या टेबलावरच तिने सासऱ्यांना शाळेत बसवलं.

डब्याच्या आत शिरायचं एक पान असतं, त्याचा परवलीचा शब्द डब्याच्या पोटाला चिकटवलेला असतो, तो आधी बदलायचा. मग मार्ग दोन. पहिला सोपा. डब्यात दोन आकडे बदलायचे, की प्रत्येक मागणी आधी एका गाळणाऱ्या सेवेकडे विचारायला जाते. जुगाराची, घाणेरडी, फसवणुकीची पानं त्यांच्याकडे नोंदलेली असतात. ती उघडत नाहीत, बाकी सगळं उघडतं. दुसरा मार्ग म्हणजे परवानगी यादी. यादीत लिहिलेले पत्ते तेवढे उघडतील, बाकी जग बंद.

काकांना पहिला मार्ग पटेना. आपल्या वाचकांनी काय वाचायचं नाही हे कुणीतरी तिऱ्हाईत ठरवणार, ज्याला आपण कधी पाहिलं नाही? आणि त्याच्याकडून एखादं सुटलं म्हणजे? वाचनालयात पुस्तक येतं ते निवडून येतं. चाळीस वर्षं ते हेच करत आले होते. मागणी यायची, ते पुस्तक आधी स्वतः वाचायचे, मग खरेदीच्या यादीत घालायचे.

“बाबा, तुमच्याकडे पुस्तकं किती?” सूनबाईने विचारलं.

“अकरा हजार चारशे सहा.”

“आणि बाहेर पानं किती असतील?”

काका म्हणाले, “सगळी कशाला लागतात?”

सूनबाई हसली. तिने हट्ट धरला नाही. यादी कशी भरायची ते दाखवलं, आणि एक गोष्ट सांगितली जी काकांनी वहीत लिहून घेतली. त्या डब्यात चौसष्ट ओळी मावतात, पासष्टावी तो घेत नाही.

काकांच्या अंगात मात्र उत्साह संचारला. त्यांनी दाराशी लाकडी पेटी ठेवली, तिच्यावर ‘मागणी चिठ्ठी’ असं लिहिलं. ज्याला जे पान हवं त्याने चिठ्ठी टाकायची. नाव, तारीख, कारण. काका ते पान घरी सूनबाईच्या जुन्या संगणकावर उघडून वरपासून खालपर्यंत वाचत, पसंत पडलं की यादीत चढवत, आणि त्याचं कार्ड करत. बस-वेळापत्रक, क्रमांक एक. विणकामाचे नमुने, क्रमांक दोन, बहीणबाईंच्या सन्मानार्थ. पोस्टमनांनी बुद्धिबळाचं पान मागितलं. शिंप्याने कॉलरचे प्रकार. कुणीतरी नुसतं ‘गाणी’ असं लिहिलं, त्याला काकांनी ‘कोणती?’ असं लिहून चिठ्ठी परत केली. चार संगणकांपुढे आता लोक जरा ताठ बसत, दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखे. पण तक्रार एकही आली नाही. समितीने महिनाअखेरीला काकांचं अभिनंदन नोंदवलं. काकांच्या जिवावरचं ओझं उतरलं. त्या संध्याकाळी ते चालत घरी गेले आणि वाटेत त्यांनी कारण नसताना अर्धा डझन केळी घेतली.

मुलीच्या परीक्षेसाठी सूनबाईनेच पत्ते काढून दिले होते. तीन होते. मुलीने सराव परीक्षा देऊन बघितली, सगळं व्यवस्थित उघडलं. काकांनी तिन्हींची कार्डं केली. फक्त तिसरा पत्ता त्यांना जरा खटकला. अक्षरं आणि आकडे यांची ती लांबलचक माळ होती, आणि घरी उघडून बघितलं तर समोर कोरं पांढरं पान. शीर्षक नाही, मजकूर नाही, काही नाही. कार्डावर विषयाच्या रकान्यात काय लिहावं कळेना, म्हणून त्यांनी ‘कोरे’ असं लिहिलं.

परीक्षेच्या आधीच्या सोमवारी यादी चौसष्टावर पोचली, आणि मंगळवारी पेटीत पासष्टावी चिठ्ठी पडली. अक्षर अध्यक्षांचं. ‘गुलाबाची निगा. कारण: छंद.’ खाली वळणदार सही.

अध्यक्षांना नाही म्हणायची काकांची टाप नव्हती. पण एक चढवायचं तर एक उतरवायला हवं. कपाटात जागा नसली की हेच काम ते दर दोन वर्षांनी करत. निकामी झालेली, कुणी न नेलेली, पानं गळालेली पुस्तकं काढून टाकायची. त्याला निर्लेखन म्हणतात. काकांचा त्यात हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी चौसष्ट कार्डं टेबलावर मांडली आणि एकेक बघत गेले. बसचं वेळापत्रक? नाही. बुद्धिबळ? पोस्टमन घर डोक्यावर घेतील. मग हाताला ते कार्ड लागलं; कुणासाठी केलं ते त्यावर लिहिलेलं नव्हतं आणि काकांना आठवलंही नाही. ‘कोरे.’ ज्यात एक अक्षर नाही असं पुस्तक कोण कपाटात ठेवील? काकांनी त्यावर लाल रेघ मारली, डब्यातली ती ओळ पुसली, आणि तिथे गुलाब लावले.

शुक्रवारी मुलगी साडेदहालाच आली. केस घट्ट बांधलेले, बरोबर पाण्याची बाटली आणि दोन पेनं, जरी पेनाचं काम नव्हतं. काकांनी चौथा संगणक आधीच पुसून ठेवला होता, ‘राखीव’ अशी पाटी लावली होती. अध्यक्ष नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या टेबलाशी वर्तमानपत्र उघडून बसले होते. अकराला काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि आपल्याच नातीची परीक्षा असल्यासारखे पाच मिनिटं स्वस्थ उभे राहिले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी ती टेबलाशी आली. तिने आवाज मुद्दाम खाली ठेवला.

“काका, चौकट येते. माझं नाव येतं. प्रश्न येत नाहीत. प्रश्नांच्या जागी कोरं आहे.”

‘कोरं’ हा शब्द ऐकला आणि काकांना ते लाल रेघेचं कार्ड आठवलं. प्रश्न तिथून येत होते. कोरं पान म्हणजे मधलं दार होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने, लाल शाईने बंद केलं होतं.

त्यांनी तिला सांगितलं की चूक माझी आहे, तू जागेवर जाऊन बस. मग काढून टाकलेलं कार्ड शोधलं, सापडलं. डब्याचं पान उघडलं, गुलाबाची ओळ पुसली. ती अक्षर-आकड्यांची माळ ते एका बोटाने टंकू लागले. मध्येच शून्य आहे की अक्षर, कळेना. आपलं अक्षर आपल्यालाच वाचता येत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. ओळ भरली, डब्याने ती चुकीची म्हणून फेटाळली. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं.

त्याच पानावर वर एक खूण होती: परवानगी यादी चालू. ती काढली की यादीच उठणार, सगळं जग उघडं होणार. समितीचा ठराव काकांनीच सुवाच्य अक्षरात वहीत उतरवला होता. एक मिनिटसुद्धा नाही. आणि ठराव मांडणारा माणूस वीस पावलांवर बसला होता. त्याला विचारायला गेलं असतं तर त्याने आधी चष्मा काढला असता, मग प्रश्न विचारले असते, आणि प्रश्न चांगलेच असते.

काकांनी विचारलं नाही. खूण काढली आणि बटण दाबलं.

डब्याचे दिवे गेले.

सगळेच गेले. काकांना वाटलं, झालं, आपण डबाही मारला. पडद्यावर लिहून आलं की बदल लागू करण्यासाठी यंत्र पुन्हा सुरू होत आहे. ते शब्दकोशांच्या कपाटापाशी जाऊन मान वर करून उभे राहिले. मुलगी तिच्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होती. पोस्टमन म्हणाले की त्यांचा घोडा अडकला. मग एक दिवा लागला. मग दुसरा, लुकलुकत, जणू त्याला वेळच वेळ होता. तिसरा लागेना. अकरा वाजून बारा मिनिटांनी तो लागला.

“आता बघ,” काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज हॉलभर ऐकू गेला.

मुलीने पान पुन्हा उघडलं. तिने खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही हात पडद्यापुढे ठेवले, तेव्हा काकांना कळलं की प्रश्न आले. त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण तो भांड्यात फार वेळ राहिला नाही. परीक्षा दीड तासाची. मध्येच डब्याला हात लावला तर पुन्हा दिवे जाणार, म्हणजे दीड तास जग उघडंच ठेवायचं. काका टेबलांमधून फेऱ्या मारू लागले. एखादी रुमालवाली बाई कुठल्या पडद्यावर अवतरते का, यावर त्यांचं लक्ष. त्यांच्या येरझाऱ्या बघून सगळ्या वाचकांना वाटलं की आज तपासणी आहे, त्यामुळे त्या दिवशी वाचनालयात जेवढं सभ्य वाचन झालं तेवढं आधी कधी झालं नसेल. थोड्या वेळाने अध्यक्ष उठले आणि दुसऱ्या संगणकावर जाऊन बसले. अध्यक्ष पडद्याकडे फार जवळून बघत होते, पडदा जरासा भिंतीकडे वळवून. काका तिकडून जाताना मान दुसरीकडे करून गेले.

पाऊणला मुलगी उठली. टेबलाशी येऊन म्हणाली की सगळे सोडवले, फक्त दाढांच्या मुळांचा एक चुकला असावा. मग तिने बाटलीतलं पाणी तिथेच उभ्याने घटाघटा प्यायलं आणि दवाखान्यात पळाली. ती दाराबाहेर गेल्यावर काकांनी पहिल्यांदा बूड टेकलं.

तेवढ्यात अध्यक्षांनी खुणेने आतल्या खोलीत बोलावलं. काकांनी दार लोटून घेतलं आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत सगळं ओकून टाकलं. गुलाब कुठे लावले, काय उपटलं, यादी किती वाजता उठवली, ठराव मोडला हे मान्य, काय कारवाई करायची ती करावी. एवढं सलग ते गेल्या दहा वर्षांत बोलले नसतील.

अध्यक्षांनी चष्मा काढला. पण विचारलं एवढंच की मुलीचा पेपर पुरा झाला का. झाला म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि चष्म्याच्या काडीची उघडझाप करू लागले.

“ती माझी चिठ्ठी,” ते शेवटी म्हणाले. “आमच्या घरी एकही कुंडी नाही.”

काकांना काही कळलं नाही.

“डॉक्टरांनी मागच्या महिन्यात तपासणीच्या कागदावर एक शब्द लिहून दिला. त्यांना विचारायचा धीर झाला नाही. घरी विचारलं तर रडारड. म्हटलं वाचनालयात बघू. तर दाराशी तुमची पेटी. नाव, तारीख, कारण. मुख्याध्यापकाने कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? म्हणून गुलाब लिहिले.”

“आणि आज?”

“आज तो शब्द सहज टाकून बघितला, तर सगळं उघडं. वाचलं. तीनदा वाचलं. गोळ्या घ्यायच्या, दर सहा महिन्यांनी दाखवायचं. मी महिनाभर मृत्युपत्राचा मसुदा करतोय, काका.”

आणि अध्यक्ष हसले. काकांनी त्यांना हसताना बघितलं नव्हतं असं नाही, पण असे दात दाखवून नाही.

काका मात्र हसले नाहीत. आपल्या पेटीपुढून असे आणखी किती जण चिठ्ठी न टाकताच परत गेले असतील, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला. चाळीस वर्षांत कुणी पुस्तक नेलं तर ते कशाला हवं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ‘कारण’ हा रकाना त्यांना कुठून सुचला, त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. त्यांनी बाहेर येऊन पेटी उचलली आणि माळ्यावर टाकली. संगणकांपाशी ते स्वतः बसून राहिले, सूनबाई संध्याकाळी कामावरून येईपर्यंत. अध्यक्षही घरी गेले नाहीत. दोघांनी मिळून रुमालवालीची वाट बघितली. ती आली नाही.

सूनबाईने डब्यातले ते दोन आकडे बदलले. पाच मिनिटंही लागली नाहीत. पोस्टमनांच्या त्या जुगाराचं पान मुद्दाम उघडून बघितलं. डब्याने सरळ नकार दिला. दाढांच्या मुळांचं पान उघडायला गेली, तर ते लगेच उघडलं. एखादं चांगलं पान चुकून अडकलं तर सोडवायचं कसं तेही तिने दाखवलं. ‘मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं’ हे वाक्य तिच्या ओठांवर आलेलं काकांना दिसलं, पण तिने ते गिळलं. रात्रीच्या जेवणाला मात्र काकूंनी ते तिच्या वतीने म्हणून टाकलं, दोनदा.

पुढच्या सभेत गाळणाऱ्या सेवेचा नवा ठराव झाला. एका सदस्याने विचारलं की एखादं सुटलंच तर? अध्यक्ष म्हणाले, सुटेल कधीतरी, तेव्हा वायर उपटायला पोस्टमन आहेत. तो विषय तिथेच संपला.

मुलीचा निकाल तीन आठवड्यांनी लागायचा होता. ते तीन आठवडे काका तिच्याशी हवापाण्यावर बोलत. एखाद-दोन गुणांनी राहिली तर दोष त्या पहिल्या बारा मिनिटांचा, म्हणजे माझा, असा त्यांनी मनाशी हिशेब मांडला होता, आणि काकूंनाही तो सांगितला नव्हता.

निकाल एका बुधवारी लागला. त्या दुपारी ती सुट्टीत आली नाही. काकांनी दोन वाजेपर्यंत दाराकडे बघितलं, मग बघायचं सोडून दिलं आणि कार्डं लावत बसले. चारच्या सुमाराला दार उघडलं. मुलगी आत आली ती पांढरा कोट घालून. कोट डॉक्टरीणबाईंचा असावा, बाह्या दोनदा दुमडलेल्या होत्या. दुपारी एका आजोबांची वरची दाढ काढायची होती, तिथे पहिल्याच दिवशी उभं केलं, म्हणून उशीर झाला, असं ती धापा टाकत म्हणाली. शंभरात एकाहत्तर.

काकांना खूप काही बोलायचं होतं. पण तोंडातून भलतंच गेलं.

“आणि ते मुळांचं?”

“चुकलंच,” ती म्हणाली. “पण आज प्रत्यक्ष बघितलं ना, काका. तीन असतात.”